उपजिल्हाधिकारी ते जिल्हाधिकारी: मधल्या वीस वर्षांत काय घडतं

सांगलीत विश्रामबागच्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी जाऊन बसतो. तिथल्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "काका, डेप्युटी कलेक्टर झालो की कलेक्टर व्हायला किती वर्षं लागतात?" माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली. कारकून म्हणून लागलो, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. साहेबांच्या टेबलावर जाणारी फाईल आधी माझ्या टेबलावरून जायची, त्यामुळे ह्यांना आकडा तोंडपाठ असणार असं पोरांना वाटतं. आकडा सांगतोही मी. पण मधे काय आहे ते ठाऊक नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. परीक्षा देणाऱ्यांसाठी हे लिहितोय, आणि साताऱ्या-सांगलीच्या कचेऱ्यांत ज्यांना कामासाठी खेटे घालावे लागतात त्यांच्यासाठीही. समोरचा साहेब कुठून आला, किती दिवस राहणार आणि त्याच्या हातात नेमकं काय आहे, एवढं कळलं तरी बराच घोळ मिटतो.

आधी एक गाठ सोडवू. सेवा वेगळी आणि पद वेगळं. भारतीय प्रशासन सेवा, म्हणजे आयएएस, ही सेवा. जिल्हाधिकारी हे त्या सेवेतल्या माणसाला काही काळ मिळणारं पद. माणूस सेवेत तीस-पस्तीस वर्षं असतो, जिल्हाधिकारी म्हणून त्यातली चार-सहा वर्षं. उरलेली वर्षं जिल्हा परिषद, महापालिका, एखादं महामंडळ, मंत्रालय, दिल्ली अशी जातात. "तो कलेक्टर झाला" असं आपण निकालाच्या दिवशीच म्हणून टाकतो आणि गावात बॅनर लागतात, पण त्या दिवशी तो फक्त सेवेत आलेला असतो.

या सेवेत शिरायचे रस्ते दोन. एक थेट, यूपीएससीचा. खुल्या गटाला वयाच्या ३२ वर्षांपर्यंत सहा संधी मिळतात. पास झालेला मसुरीच्या अकादमीत जातो आणि मधलं साधारण वर्षभर एखाद्या जिल्ह्यात काढतो. तिथं तो तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांच्या हाताखाली शिकतो. मग सहायक जिल्हाधिकारी म्हणून प्रांताची, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याची खुर्ची, पुढे बहुधा जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा महापालिका आयुक्त, आणि सहा ते नऊ वर्षांत पहिला जिल्हा. म्हणून कलेक्टर पस्तिशीच्या आतला दिसतो आणि त्याचा निवासी उपजिल्हाधिकारी पन्नाशीचा.

दुसरा रस्ता एमपीएससीचा. इथं खुल्या गटाला ३८ पर्यंत आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत परीक्षा देता येते. वरच्या क्रमांकाला उपजिल्हाधिकारी, खाली तहसीलदार, त्याखाली नायब तहसीलदार. या मुलांची सेवा राज्याची असते. आयएएसचं दार त्यांनाही उघडं आहे, कारण त्या सेवेतल्या ठरावीक जागांचा एक तृतीयांशापर्यंतचा वाटा राज्यातून वर येणाऱ्यांसाठी राखलेला असतो. पण त्या दारापुढे रांग आहे, आणि आपल्याला कळून घ्यायची आहे ती ही रांगच.

रांगेत उभं राहण्याआधी परिविक्षा असते. दोन वर्षं प्रशिक्षण, विभागीय परीक्षा, मग पहिली नेमणूक. नशीब चांगलं असेल तर प्रांत म्हणून. कागदावर उपविभागीय अधिकारी. पण आपल्याकडे "प्रांतसाहेब" हाच शब्द चालतो. एक-दोन-तीन तालुके त्यांच्या हाताखाली. साताऱ्याचे ११ तालुके आणि सांगलीचे १० अशाच उपविभागांत वाटलेले आहेत.

ही खुर्ची मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि त्याला कारण आहे. द्राक्षपट्ट्यातल्या एका गावात रस्त्याचा वाद होता. बागेत औषध फवारायला ट्रॅक्टर न्यायचा तर शेजाऱ्याच्या बांधावरून, आणि शेजाऱ्यानं चर खणून वाट बंद केलेली. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार अडथळा काढायचा हुकूम देतात. वाट नव्यानं मागायची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १४३. दोन्ही गोष्टी दिसायला सारख्या, कायद्यानं निराळ्या. आणि अर्ज चुकीच्या कलमाखाली झाला की दोन वर्षं तिथंच जातात. तहसीलदारांच्या निकालावर हे प्रकरण प्रांतांकडे आलं. त्या वेळचे प्रांत नवे होते, नोकरीला चार वर्षंही झाली नसतील. दोन तारखा ऐकल्या आणि म्हणाले, जागेवर जाऊ. गावनकाशा आणि टेप घेऊन सकाळी आठला निघालो. त्यांनी बुटांसकट चरात उतरून त्याची माती हातात घेतली. वरची माती अजून भुसभुशीत होती आणि खाली चाकोरीचा जुना घट्ट थर लागला. एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं, "आजी, तुमच्या लग्नाच्या वेळी गाडी कुठनं आली?" आजींनी हात केला तो थेट त्या चराकडे. पंचनाम्यात दोन्ही गोष्टी आल्या. पुढं वरच्या अपिलात तो निकाल टिकला, तो त्या मातीमुळे आणि पंचनाम्यामुळे.

हे शिकायला दुसरी कुठली खुर्ची नाही. आणि सगळ्यांना ती मिळतेच असंही नाही. उपजिल्हाधिकारी हा हुद्दा एक असला तरी त्याखाली पुष्कळ पदं असतात. भूसंपादन, पुनर्वसन, निवडणूक, रोजगार हमी, पुरवठा. कर्मचारी आपसांत त्यांना साइड पोस्टिंग म्हणतात, आणि तिथं टाकलं की माणूस खट्टू होतो. मला हे कधी पटलं नाही. साताऱ्यात पुनर्वसनाच्या टेबलावर बसून बघा. कोयनेचं धरण साठ वर्षांपूर्वी झालं, त्यात जमिनी गेलेल्यांची नातवंडं आजही पर्यायी जमिनीचा कागद हातात घेऊन येतात. त्या बाकावर बसलेल्या माणसासाठी तो उपजिल्हाधिकारी म्हणजेच सगळं सरकार असतं.

आता रांगेकडे. ती ठरते ज्येष्ठता यादीवर. एमपीएससीतून थेट आलेले उपजिल्हाधिकारी आणि तहसीलदाराचे बढतीनं झालेले उपजिल्हाधिकारी असे दोन्ही एकाच यादीत बसवायचे असतात. आधी कोण, मागे कोण, यावर वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चाललेत. सरकारी नोकराच्या नोकरीविषयीचे वाद ज्या मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातात, तिथं ज्येष्ठतेची प्रकरणं सतत असतात. यादी अडली की तिच्यावरची प्रत्येक बढती अडते. उपजिल्हाधिकारी, मग निवडश्रेणी (त्याच पदाची वरची वेतनश्रेणी), मग अपर जिल्हाधिकारी, अशा पायऱ्या चढता चढता पंधरा वर्षं कधी जातात कळत नाही.

यादीच्या जोडीला गोपनीय अहवाल. आता त्याचं नाव कार्यमूल्यमापन अहवाल झालंय आणि तो संगणकावर भरायचा असतो, पण कचेरीत सगळे अजून "सीआर" च म्हणतात. अधिकारी आपण काय केलं ते लिहितो, वरचा प्रतिवेदन अधिकारी शेरा देतो, त्याच्यावरचा पुनर्विलोकन करतो. पूर्वी वाईट शेरा असेल तरच कळवायचे, आणि "चांगला" शेरा कुणी वाईट मानत नसे. पण बढतीला "अत्युत्कृष्ट" लागत असेल तर तो "चांगला" सुद्धा माणसाला मागे खेचतो, आणि त्याला पत्ता नसतो. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये देवदत्तच्या खटल्यात सांगितलं की प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे. हा निकाल फार मोठा आहे. माणसाची बढती ज्या कागदावर ठरते तो कागद त्याला दिसायला लागला.

आयएएसच्या दारात पोचायला उपजिल्हाधिकारी म्हणून सलग आठ वर्षं सेवा ही नुसती किमान अट आहे. ज्या वर्षी जितक्या जागा रिकाम्या, त्याच्या तिप्पट नावं यादीच्या क्रमानं राज्य सरकार पाठवतं. यूपीएससीचे अध्यक्ष किंवा सदस्य ज्या समितीचे प्रमुख असतात ती समिती मागच्या वर्षांचे अहवाल वाचून वर्गवारी करते. सचोटीचा दाखला राज्यानं द्यावा लागतो. विभागीय चौकशी चालू असेल तर नाव अडकतं. म्हणजे कायदा आठ म्हणतो आणि रांग वीसच्या पुढं नेते. पोरांनो, गणित तुम्हीच करा. पंचविशीत उपजिल्हाधिकारी झालात तर पन्नाशीच्या आत कलेक्टरच्या खुर्चीत बसता येईल. छत्तिसाव्या वर्षी झालात तर त्या खुर्चीची आशा फार धरू नका, प्रांताच्या आणि अपर जिल्हाधिकाऱ्याच्या खुर्चीत काय करता येतं त्याचा विचार आधीच करून ठेवा. आणि तहसीलदार म्हणून लागलात तर त्याहून जास्त धीर लागेल.

या रांगेत एक क्रूर जागा आहे. राज्याच्या सेवेत निवृत्ती ५८ ला, आयएएसमध्ये ६० ला. वर्षानुवर्षं उत्तम काम केलेले एक अपर जिल्हाधिकारी मी पाहिलेत. नाव यादीत वर होतं. समितीची बैठक लांबली, पुन्हा लांबली, आणि मे महिन्याच्या शेवटी ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशीही त्यांनी दोन अपिलांवर निकाल लिहिले. मी ते टंकलेखनाला नेले तेव्हा घड्याळात सव्वापाच झाले होते.

समजा, खुर्ची मिळाली. आता तिच्यात काय आहे ते बघू. एकाच माणसाच्या डोक्यावर चार टोप्या असतात आणि प्रत्येक टोपीचा कायदा निराळा. जमीन महसूल अधिनियमाखाली तो जिल्हाधिकारी. जमावबंदीचा हुकूम काढतो तेव्हा जिल्हादंडाधिकारी. जुन्या फौजदारी संहितेतलं कलम १४४ आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालंय. मतदान लागलं की जिल्हा निवडणूक अधिकारी. आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ खाली जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष.

शेवटच्या टोपीचं वजन सांगलीकराला सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. त्या आठवड्यात नियंत्रण कक्षात दर तासाला आकडा यायचा आणि कुणाला घरी जावंसं वाटायचं नाही. बोटी, ट्रक, शाळा, मंगल कार्यालयं लागतील ती ताब्यात घ्यायचा अधिकार अशा वेळी कलेक्टरकडे असतो. पण धरणातून किती पाणी सोडायचं ते ठरवतं जलसंपदा खातं. कोयनेच्या धरणात १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी मावतं. ते कोयना नदीतून कऱ्हाडला प्रीतिसंगमात कृष्णेला मिळतं आणि तिथून सांगलीकडे येतं. कृष्णेवरच खालच्या अंगाला असलेल्या अलमट्टी धरणाचं दार तर कर्नाटकाच्या हातात. म्हणजे पाणी कधी आणि किती येणार हे ठरवणारे दुसरे, आणि ते आल्यावर माणसं हलवायची जबाबदारी कलेक्टरची. त्याच पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ गावातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. तो दिवस आठवला की आजही घशाशी येतं. अधिकार आणि जबाबदारी यांतलं अंतर पुराच्या दिवसांत जितकं उघडं दिसतं तितकं एरवी दिसत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात उलट चित्र होतं. मिरजेहून रेल्वेच्या टाक्या भरून पाणी लातूरला गेलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर. रेल्वे, पाणीपुरवठा, महसूल, सगळ्यांना एका टेबलावर बसवणं हे अशा वेळी कलेक्टरचं खरं काम.

त्याच्या हातात काय नसतं हेही सांगायला हवं, कारण तक्रार घेऊन माणूस तिथंच आधी येतो. सांगली-मिरज-कुपवाड शहरातला कचरा महापालिका आयुक्तांचा. गावातली शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. पोलीस तपास पोलीस अधीक्षकांचा. कलेक्टर पत्र पाठवतील, बैठकीत विषय घेतील, पण सही त्यांची नसते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती. बदली.

२००५ च्या बदल्यांच्या कायद्यानं राज्यातल्या अधिकाऱ्यांचा एका पदावरचा साधारण काळ तीन वर्षं ठरवला. बदल्या एप्रिल-मे मध्ये व्हाव्यात, मधेच करायची असेल तर कारण लेखी नोंदवून वरिष्ठांची मंजुरी घ्यावी. सर्वोच्च न्यायालयानंही ३१ ऑक्टोबर २०१३ ला माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या प्रकरणात किमान मुदत ठरवा म्हणून सांगितलं, आणि तोंडी आदेशावर काम करू नका, लेखी घ्या, हेही. तरी मुदतीआधी माणसं हलतात. त्याचा भुर्दंड कोण भरतो ते सांगतो.

महसुलातलं अपील हे अर्धं कोर्टासारखं चालतं. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद मंडळ अधिकारी मंजूर करतात. ती मान्य नसेल तर ६० दिवसांत प्रांतांकडे अपील. त्यावर अपर जिल्हाधिकारी. प्रांत दोन्ही बाजू ऐकतात आणि रोजनाम्यात लिहितात, "प्रकरण निकालासाठी बंद." आता ज्यानं ऐकलं त्यानंच निकाल लिहायला हवा. त्याची बदली झाली की नवा साहेब ते प्रकरण पुन्हा उघडतो, पुन्हा नोटिसा, पुन्हा तारखा, वकिलाची फी पुन्हा. जतहून पहाटेची एसटी धरून आलेला शेतकरी विचारतो, "मागच्या साहेबांनी ऐकलं की सगळं, आता परत काय?" याचं उत्तर कायद्यात आहे, पण त्याला ते देताना माझी मान खाली जायची.

एकदा तर चूक माझी होती. आमच्याकडे सहा गठ्ठ्यांची पद्धत. कामाचे कागद एका गठ्ठ्यात, उत्तराची वाट बघायचे दुसऱ्यात, असं. मी तेव्हा नवा. निकालासाठी बंद झालेलं एक प्रकरण माझ्या हातून प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात गेलं. तिथं ते चार महिने पडलं, आणि सापडलं तेव्हा साहेबांची बदली झालेली. अपील करणारी एक विधवा बाई होती, वारसनोंदीचा वाद. तिला सगळं पहिल्यापासून करावं लागलं. पुढं कितीतरी वर्षं दर सोमवारी मी आधी तो गठ्ठा उलगडून बघायचो.

त्याच २००५ च्या कायद्यात फार थोड्यांना ठाऊक असलेलं एक कलम आहे, कलम १०. कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त अडता कामा नये. तातडीची असेल तर चार दिवस, अतितातडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. दाखले आणि उतारे यांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे. त्यात प्रत्येक सेवेची मुदत, देणारा अधिकारी आणि अपील कुणाकडे ते फलकावर लावायचं बंधन आहे. तो फलक शोधा, वाचा. हातात आदेश आला तर शेवटची ओळ बघण्याआधी दोन गोष्टी बघा: सहीखालचं पद आणि वर लिहिलेलं कलम. अपील कुणाकडे आणि किती दिवसांत हे त्या दोन गोष्टींवरून ठरतं. सही प्रांतांची असताना माणसं मंत्रालयाकडे धावतात आणि तोवर ६० दिवस संपतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कलेक्टरच्या पुढची वाटचाल थोडक्यात. सोळा वर्षांच्या आसपास सेवेची वरची श्रेणी मिळते, तेव्हा विभागीय आयुक्त किंवा सचिव. पुणे विभागात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर हे पाच जिल्हे. त्यापुढे प्रधान सचिव, अपर मुख्य सचिव, आणि सगळ्यांतून एक मुख्य सचिव. राज्यातून बढतीनं आलेल्यांना आयएएसचं वर्ष देताना जुन्या सेवेचं काही वजन धरतात, पण वय पुढं गेलेलं असतं, त्यामुळे त्यांतले फार थोडे शेवटच्या पायऱ्यांवर पोचतात.

आणि अडचणीत आला तर? राज्यघटनेचं कलम ३११ सांगतं की चौकशी करून, बाजू मांडायची संधी देऊनच बडतर्फ करता येतं. लोकांना हे कवच नकोसं वाटतं. मला ते हवंसं वाटतं, कारण वाळूचा ट्रक अडवणाऱ्या तहसीलदाराच्या पाठीशी तेवढं एकच असतं. अटकेत ४८ तासांपेक्षा जास्त राहिला तर मात्र तो आपोआप निलंबित धरला जातो.

आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजी जन्मतारीख १ जून लिहायचे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे ला साताऱ्या-सांगलीच्या कचेऱ्यांत एकाच दिवशी किती तरी हारतुरे येतात. पदभार सोडल्याच्या दाखल्यावर तारखेपुढे "मध्यान्होत्तर" लिहायची पद्धत आहे. म्हणजे त्या दिवशी कचेरी सुटेपर्यंत सही चालते. कलेक्टरच्या दालनात खुर्चीच्या मागे लाकडी फळ्यावर आजवरच्या सगळ्यांची नावं आणि "पासून-पर्यंत" च्या तारखा असतात. अभ्यासिकेतल्या पोरांना मी एकदा घेऊन जाणार आहे. नावं वाचू नका, तारखा वाचा, असं सांगणार आहे.